गिअरबॉक्स ओव्हरहॉल करून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू (सेकंड गिअरची करकर आणि बेअरिंगचा आवाज)

रिव्ह्यू लांबलचक आहे हे आधीच सांगते, कारण "मस्त काम, पाच स्टार" एवढं लिहून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. गिअरबॉक्स असा पार्ट आहे की तो उतरवून उघडल्यावर आत खरंच काय खराब होतं आणि काय उगाच बदललं हे गाडीवाल्याला कळायला मार्गच नसतो, हातात येतं ते बिल. म्हणून मी मार्क देते ते उघडायच्या आधी त्यांनी काय केलं याला. जिथे काम केलं ते लोक फक्त गिअरबॉक्स आणि क्लचचंच काम करतात, नाव टाकत नाहीये, कामाची पद्धत लिहिते, तुम्ही ज्याच्याकडे जाल त्याला याच गोष्टींवर पारखून घ्या.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह, किलोमीटर भरपूर झालेले. तक्रारी दोन. थर्डवरून सेकंडला येताना कर्रर्र व्हायचं, थंड गाडीत जास्त, आणि फर्स्टवरून सेकंड घाईत टाकला तरी कधीकधी. दुसरी म्हणजे न्यूट्रलला उभी असताना घूंऽऽ असा बारीक आवाज, क्लच दाबला की गायब, सोडला की परत चालू. याआधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली होती, तिथल्या ॲडव्हायझरने गाडीत बसायचेही कष्ट न घेता क्लच सेट गेलाय असं सांगितलं, आणि त्याने नाही झालं तर अख्खी गिअरबॉक्स असेंब्ली बदलू, उघडून रिपेअर आम्ही करत नाही. नाही करत तर नाही करत, ते समजू शकते, पण क्लच सेटच कशावरून असं विचारल्यावर उत्तर काय, तर "मॅडम, जनरली तेच असतं". जनरली वर कोण एवढा खर्च करणार? गाडी तिथून काढली.

गिअरबॉक्सवाल्यांकडे मोठे मिस्त्री स्वतः शेजारी बसले आणि मलाच चालवायला लावली, म्हणजे मी गिअर कसा टाकते तेही त्यांना बघायचं होतं. परत आल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिन बंद करून पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक टाकून बघितले, सगळे अलगद पडले, म्हणजे लिव्हर, केबल, बुश वगैरेत अडकत नाहीये. मग इंजिन चालू ठेवून क्लच तळापर्यंत दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. यात गोम अशी की बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (वेग जुळवून देणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) फिरत राहतो आणि सगळ्यात आधी रिव्हर्स बोंबलतो. आमचा रिव्हर्स गपचूप पडला. क्लच घसरतोय का हेही बघितलं, वरच्या गिअरला कमी स्पीडमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, नुसताच आरपीएम वर पळाला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट घसरतेय. तसंही काही नाही. म्हणजे ज्या क्लच सेटवर माझा खर्च होणार होता तो बिचारा निर्दोष.

मग त्यांनी मला डबल डिक्लच करायला लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थर्डमधून क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक छोटा झटका, परत क्लच दाबून सेकंड. पहिल्यांदा जमलं नाही तरी चालतं, पण जमलं तेव्हा सेकंड एकदम गप्प पडला, अजिबात आवाज नाही. १९२८ ला कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला, त्याआधी गाडी चालवायची म्हणजे हे असं पायाने जुळवून घ्यायचं. सिंक्रोचं कामच ते, ज्या गिअरमध्ये जायचंय तो गिअर आणि शाफ्टवरची स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) दोघांचा वेग सारखा करून द्यायचा. तो वेग तुम्ही ॲक्सिलरेटरने जुळवून दिल्यावर करकर थांबते म्हणजे जो जुळवणारा आहे तोच दमलाय. इतकी साधी टेस्ट, काही उघडायचं नाही, आणि ही मला आजवर एकाही सर्व्हिस सेंटरने करून दाखवली नव्हती.

न्यूट्रलच्या आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असतो तेव्हा इंजिन इनपुट शाफ्टला फिरवत असतं आणि त्याच्याबरोबर आतले बरेच गिअर, कारण ते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट थांबतो. तेव्हा आवाज थांबत असेल तर बोट इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे जातं, आणि उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). हे एवढं पाठ केलं तरी कोणी सहज फसवणार नाही तुम्हाला.

आता एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं लगेच उतरवायची भाषा करतील. तर मिस्त्री म्हणाले, "ताई, आधी ऑइल बघू, उतरवायचं नंतर ठरवू." इथे ते मला सगळ्यात जास्त आवडले. आधी वरचा फिलर प्लग सैल करून बघितला आणि मगच खालचा ड्रेन प्लग उघडला. हा क्रम लक्षात ठेवा, उलटं केलं आणि फिलर प्लग गंजून बसलेला निघाला तर जुनं ऑइल खाली सांडलेलं आणि नवीन भरायला वाटच नाही. ऑइल काळपट. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा मऊ लगदा, तो चालतो म्हणाले, एवढ्या वर्षांत स्टील तेवढं झिजतंच, पण तो दोन बोटांत चोळल्यावर टणक कण लागले, ते नको असतात, ते बेअरिंगकडून आलेले. आणि ऑइल ट्रेमध्ये टॉर्च मारल्यावर सोनेरी चमचम दिसली. ती पितळेची, म्हणजे सिंक्रो रिंगची, पितळ चुंबकाला चिकटत नाही त्यामुळे ते ऑइलमध्येच फिरत राहतं. म्हणजे माझ्या दोन्ही तक्रारींचे पुरावे त्या एका ट्रेमध्ये होते.

आता ऑइलचं जरा सविस्तर, कारण इथे खूप जण गंडतात. माझ्या आधीच्या सर्व्हिसच्या बिलावर ८०डब्ल्यू-९० जीएल-५ असं लिहिलेलं निघालं आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट ७५डब्ल्यू-८० जीएल-४. (आधीचे आकडे घट्टपणाचे, जीएल म्हणजे गिअर ऑइलचा वर्ग.) पाच हा चारापेक्षा मोठा म्हणजे भारी ऑइल, असा समज गॅरेजवाल्यांचाही असतो. तसं नाहीये. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलमधल्या (चाकांना ताकद वाटून देणारा भाग) हायपॉइड गिअरसाठी, तिथे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात म्हणून त्यात सल्फर-फॉस्फरसवाली एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. सिंक्रो रिंगचं काम मात्र घर्षणावर चालतं, तिने गिअरच्या कोनला (शंकूसारख्या निमुळत्या भागाला) घट्ट धरून त्याचा वेग कमी-जास्त करायचा असतो, तिथे जास्त निसरडं ऑइल घातलं की पकड येत नाही, वेग जुळायला उशीर आणि तोवर तुम्ही लिव्हर ढकललेला असतो, झाली करकर. शिवाय जुन्या प्रकारची सल्फरवाली ॲडिटिव्ह गरम झाल्यावर पितळ-कांस्याला खातात असंही आहे, आताची बरीच ऑइल त्या बाबतीत सुधारली आहेत, पण घर्षणाचा मुद्दा राहतोच. काही ऑइलच्या डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असतं, ते मला तरी पटत नाही. आणि ८०, ९० हे आकडे बघून इंजिन ऑइलशी तुलना करू नका, दोन्हीचे स्केल वेगळे आहेत, ९० नंबरचं गिअर ऑइल गरम असताना घट्टपणाला साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. काही गिअरबॉक्सना तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना चक्क इंजिन ऑइल, त्यामुळे दुकानदार काय म्हणतो ते सोडा, मॅन्युअल उघडा. ज्या मॅन्युअलमध्ये "लाइफटाइम फिल" लिहिलंय त्यात लाइफटाइम कोणाचं, तुमचं का वॉरंटीचं, हा वेगळाच विषय.

तर त्यांनी योग्य ग्रेडचं ऑइल भरलं, साधारण दोन लिटर लागलं, गाडी सपाट जागेवर लेव्हलमध्ये ठेवून फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत, आणि प्लगचे वॉशर नवीन टाकले. जुनेच वॉशर परत लावणारे लोक मला कळत नाहीत, एवढीशी चकती, तिच्यापायी नंतर महिनोन्‌महिने थेंब थेंब ऑइल जातं आणि गिअरबॉक्सला डिपस्टिक सहसा नसते म्हणून कळतही नाही. मला सांगितलं थोडे दिवस चालवा आणि या. फरक पडला. थंड गाडीत गिअर बराच सोपा पडायला लागला. करकर कमी झाली पण गेली नाही, आणि घूं तर जशीच्या तशी. मधल्या काळात एका ओळखीच्याने गिअरबॉक्समध्ये टाकायची एक बाटली आणून दिली, त्याने म्हणे सगळं ठीक होतं. मिस्त्रींना दाखवली तर हसले नुसते. झिजलेलं पितळ बाटलीतून परत येत नाही.

मग उतरवला. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, केबली, दोन्ही ॲक्सल बाहेर, इंजिनला वरून आधार, मग बेल हाऊसिंगचे बोल्ट. हा भाग सगळीकडे सारखाच, त्यावर काय लिहू. एक चांगलं केलं की बोल्ट ज्या भोकातले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले होते, लांबी वेगवेगळी असते त्यांची, आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात पिळला की ॲल्युमिनियमचं केसिंग फुटतं.

उघडायला मला बोलावून घेतलं, हे मी आधीच अट म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर दाबून धरायची आणि मध्ये जी फट राहते ती फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) मोजायची. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये नवीन रिंगला ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्याच्या खाली गेली की रिंग बाद, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या रिपेअर मॅन्युअलचा. थर्ड, फोर्थच्या रिंगांमध्ये भरपूर फट होती, सेकंडच्या रिंगमध्ये सगळ्यात बारीक पातंही धड जाईना. रिंग गिअरला टेकलीच होती म्हणा ना. गेज माझ्या हातात दिला आणि म्हणाले तुम्हीच घालून बघा. सेकंडचीच का आधी जाते तर गर्दीत, चढावर, वळणावर सारखा तोच लागतो आणि वरून खाली येताना वेगाचा फरकही त्याच्या वाट्याला मोठा येतो, म्हणून तर बऱ्याच नव्या गाड्यांत फर्स्ट-सेकंडला दोन किंवा तीन कोनचा सिंक्रो देतात.

इथे एक निर्णय घ्यायचा होता आणि तो त्यांनी माझ्यावर सोडला. करकर होत राहिल्यामुळे स्लीव्हच्या आतल्या दात्यांची आणि सेकंड गिअरच्या बाजूच्या छोट्या दात्यांची टोकं गोल झाली होती, नवीन पार्ट शेजारी ठेवून दाखवलं, त्याचे दाते टोकदार. नुसती रिंग बदलली तर स्वस्तात काम होतं आणि काही काळ गोडही चालतं, पण झिजलेल्या दात्यांवर गिअर नीट धरून राहत नाही, पुढे ॲक्सिलरेटर सोडल्यावर सेकंड सुटून न्यूट्रलला यायला लागतो. स्लीव्ह-हब सेट, त्यातल्या तीन कीज, स्प्रिंगा आणि सेकंड गिअर असं सगळं बदललं तर खर्च वाढतो, आणि शिवाय त्यांनी हेही सांगितलं की सेकंडचा जोडीदार गिअर शाफ्टवरच कोरलेला आहे, तो जुनाच राहणार, जुना आणि नवीन दाता एकमेकांवर चालले की थोडी शिट्टी येऊ शकते. मी पूर्ण सेट बदलायला सांगितला. शिट्टी आली. सेकंडमध्ये जोर लावला की बारीक ऐकू येते, खिडक्या बंद असतील तर नाही. आधी सांगितलं होतं म्हणून मला त्याचा राग नाही, न सांगता आली असती तर हा रिव्ह्यू वेगळ्या भाषेत लिहिला असता.

बेअरिंगमध्ये इनपुट शाफ्टचं मागचं बेअरिंग हाताने फिरवल्यावरच खरखर कळत होती. दोन्ही बाजूंची बदलली, प्रेसवर, हातोडी कुठेही नाही. नवीन बेअरिंग आल्यावर शाफ्टचा प्ले (किती हलतो ते) डायल गेजने मोजून त्याप्रमाणे शिम (मोजक्या जाडीची पातळ चकती) निवडावा लागतो, जुनाच शिम डोळे झाकून परत टाकला तर एकतर बेअरिंग आवळून गरम होतं नाहीतर शाफ्ट मागेपुढे हलतो. मोजला, पाहिजे तो शिम त्यांच्याकडे नव्हता, मागवला, आणि तिथे उशीर झाला.

उशिराबद्दल माझी तक्रार आहे आणि ती खरी आहे. उशीर झाला त्याला हरकत नाही, चुकीचा शिम टाकून वेळेत दिली असती तर जास्त वाईट, पण फोन मीच करायचा, मीच विचारायचं, आणि पोऱ्या दरवेळी "संध्याकाळपर्यंत होईल" म्हणणार. कोणती संध्याकाळ ते विचारायचं नाही. एवढं मापाने काम करणाऱ्या माणसांना एक फोन करता येऊ नये?

क्लच प्लेट काढलीच होती तर ती मोजली, रिव्हेटच्या वर भरपूर मटेरियल होतं, तीच परत लावली. बरेच लोक म्हणतील गिअरबॉक्स उतरलाय तर क्लच सेट टाकूनच घ्यायचा, मजुरी तीच. प्लेट अर्ध्याहून जास्त गेलेली असेल तर मीही तेच म्हणेन. रिलीज बेअरिंग मात्र नवीन टाकलं, त्यासाठी परत सगळं उतरवणं परवडत नाही. इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही ॲक्सलची सील, गिअर शाफ्टचं सील, सर्कलिप सगळ्या नवीन. ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) साफ केला, तो तुंबला की आत दाब वाढतो आणि नवीन सीलमधूनही ऑइल बाहेर येतं, मग लोक सीलला शिव्या देतात. केसिंगला सीलंट अगदी बारीक रेघ. थापून लावलेलं सीलंट आत लोंबतं आणि तुटून ऑइलच्या वाटेत अडकतं, ते इथे झालं नाही.

गाडी हातात आली तेव्हा घूं बंद. सेकंड पडतो, थंडीतही. पण लिव्हर न्यूट्रलला किंचित डावीकडे झुकलेला होता आणि फिफ्थ शोधावा लागत होता, म्हणजे केबल ॲडजस्ट करायची राहिली होती. परत नेली, लगेच करून दिली, वेगळं काही मागितलं नाही. तरी ट्रायल घेताना हे लक्षात यायला हवं होतं, आणि स्टिअरिंगवर ग्रीसचे ठसे. सीट कव्हर टाकलं होतं, मग स्टिअरिंगला काय झालं होतं?

नवीन रिंगा बसेपर्यंत सुरुवातीचे काही शे किलोमीटर गिअर सावकाश टाकायचा, न्यूट्रलवर क्षणभर थांबून, आणि मग ते ऑइल एकदा काढून टाकायचं असं सांगितलं. काढलं तेव्हा परत थोडी सोनेरी चमक होती, ती आता नवीन रिंगांची, सुरुवातीला येते. चुंबकावर टणक काही नव्हतं. गिअरच्या नॉबवर हात ठेवून चालवायची माझी सवय त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली होती, हाताचं वजन फोर्कमधून (स्लीव्ह सरकवणारा काटा) स्लीव्हवर येत राहतं म्हणून ती सोडायला सांगितली, सोडायचा प्रयत्न चालू आहे.

जुने पार्ट मागितल्यावर दिले, न मागता देत नाहीत, तेव्हा मागाच. बिलावर पार्टचं नाव आणि संख्या आहे पण कंपनी नाही, बेअरिंगचा डबा मी स्वतः बघितला होता म्हणून मला माहीत, नाहीतर कळलं नसतं. वॉरंटी तोंडी सांगत होते, ती बिलावर लिहून सही घेतली, त्यावर "ताई, आमच्यावर विश्वास नाही का" झालंच. विश्वास आहे, म्हणून तर पाचपैकी चार देतेय, एक फोन आणि बिलासाठी कापला.